सांदीकोपऱ्यांतलं पॉलिश: मशीन जिथे पोहोचत नाही तिथे तुम्ही काय करता?

निळीसावली

मंडळी, मागचे दोन शनिवार-रविवार गाडी घासण्यात गेले. गडद निळा रंग, ९ वर्षांची गाडी, माझ्याकडे येऊन जेमतेम वर्ष झालंय. आधीच्या मालकाला धूळ कोरड्या फडक्याने झटकायची सवय असावी, कारण उन्हात उभी केली की अंगभर कोळ्याचं जाळं पसरल्यासारखं दिसायचं. ५ इंची पॅडचं डीए (ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे दुहेरी हालचालीचं) पॉलिश मशीन घेतलं, इथलेच जुने धागे वाचून घाबरत घाबरत सुरुवात केली आणि बॉनेट, छप्पर, चारही दारं मस्त निघाली.

आता पंचाईत अशी, की सपाट भाग चकाकायला लागल्यापासून न घासलेले कोपरे जास्तच डोळ्यांत खुपतात. आधी गाडी सगळीकडून सारखीच मळकट होती, कुणाचं लक्ष जात नव्हतं. आता कडक इस्त्रीच्या शर्टाची कॉलर तेवढी चुरगळलेली असावी तसं दिसतंय.

राहिलेल्या जागा सांगतो. दारांच्या हँडलमागची वाटी (नखांचे ओरखडे), आरशाचा बुंधा, डिकीवरच्या अक्षरांमधली जागा, नंबरप्लेटची खोबण, मागच्या स्पॉयलरची खालची बाजू, छपरावरच्या रेलच्या कडेचा पट्टा आणि पुढच्या बंपरमध्ये फॉगलॅम्पच्या भोवती. हँडलपाशी मशीन तिरकं धरून बघितलं तर ते नुसतं थरथरलं, ओरखडे जसेच्या तसे.

छोटं मशीन घ्यावं का? ड्रिलला लावायचे शंकूच्या आकाराचे पॅड मिळतात, ते रंगावर चालतील का? की सरळ हाताने घासत बसावं?

तिसरा_गिअर

रुमाल टाकून ठेवतो. माझ्या गाडीचे सपाट भागच अजून तुमच्या सांदीकोपऱ्यांसारखे आहेत, त्यामुळे घाई नाही.

कोरडा_फडका

कोरड्या फडक्याला नावं ठेवलीत तरी राग न धरता उत्तर देतो. हेच काम करतो, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी मशीन नुसतं का थरथरलं ते. डीए मशीनमध्ये पॅडला दोन हालचाली असतात. एक म्हणजे मधल्या दांड्याभोवतीचा छोटा फेरा. तो मोटर देते आणि तो थांबत नाही. दुसरी म्हणजे पॅडचं स्वतःभोवती फिरणं. साध्या डीएत हे फिरणं मोकळं असतं, मोटरने बांधलेलं नसतं. पॅड सपाट टेकलेला असेल आणि दाब सारखा असेल तर तो फिरतो. तिरका धरला, एकाच कडेवर दाब आला किंवा खोलगट जागेत अडकला की फिरणं थांबतं आणि मागे उरते थरथर. तेवढ्याने ओरखडे जात नाहीत. पॅडच्या मागच्या प्लेटवर मार्करने एक जाड रेघ मारून ठेवा. रेघ फिरताना दिसतेय तोवर काम चाललंय. रेघ एका जागी दिसली की तुम्ही फक्त हात दुखवून घेताय.

म्हणून अशा जागी लहान पॅड लागतो. २ आणि ३ इंचांच्या पॅडची छोटी डीए मशीनं असतात, आणि १-२ इंचांचे पॅड लांब दांड्यावर बसवायची बारकी मशीनंही असतात. तुम्ही सांगितलेल्या जागांपैकी आरशाचा बुंधा, रेलच्या कडेचा पट्टा आणि बंपर ३ इंचांत होतील. हँडलची वाटी आणि नंबरप्लेटची खोबण १ किंवा २ इंचांत. अक्षरांच्या मध्ये कुठलंही मशीन घालू नका.

ड्रिलच्या शंकूंबद्दल: ते मुख्यतः चाकाच्या धातूसाठी आणि सायलेन्सरच्या तोंडासाठी वापरतात. ड्रिलचं फिरणं सक्तीचं असतं, अडलं तरी थांबत नाही. शिवाय शंकूचं टोक एका ठिपक्यावर दाब देतं. रंगावर मी तरी लावत नाही.

आणि या सगळ्याच्या आधी धुणं. खरंतर हे वर लिहायला हवं होतं. सपाट भाग धुताना जी रेती निघून जाते तीच अक्षरांच्या मागे, हँडलच्या फटीत, रबराच्या ओठाखाली जाऊन बसते. कोपऱ्यात पॅड घातला की ती पॅडवर येते आणि मग तुम्ही कंपाउंडने (जाडसर कणांच्या पॉलिशने) नाही, रेतीने घासत असता. मऊ केसांचा ब्रश, भरपूर शाम्पू, प्रत्येक फट. मग क्ले बारचा (रंगाला चिकटलेली घाण उचलणाऱ्या मऊ वडीचा) छोटा तुकडा बोटावर घेऊन, वंगण मारून. त्यानंतर हवा मारून फटींतलं पाणी काढा. आरसे आणि हँडल अर्धा-अर्धा तास पाणी ठिबकवत राहतात, आणि ते नेमकं पॉलिश चालू असताना खाली ओघळतं.

चिमटा

छोटा पॅड घेतला की प्रश्न सुटला असं नाही, इथे जरा गणित करू.

१५० मिमी व्यासाच्या पॅडचं क्षेत्रफळ साधारण १७,६७० चौ. मिमी. २५ मिमीच्या पॅडचं ४९० च्या आसपास. म्हणजे ३६ पट कमी. तुम्ही हाताने तोच दाब दिलात तर रंगाच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर ३६ पट जास्त भार. मोठ्या मशीनची सवय झालेला हात छोट्यावर तसाच रेटतो आणि तिथेच घात होतो.

उलट बाजूही आहे. फिरण्याचा वेग तोच ठेवला तर छोट्या पॅडची कड सहापट हळू सरकते, कारण परीघ सहापट लहान. त्यामुळे वाटतं की "काहीच होत नाहीये", म्हणून माणूस वेग वाढवतो आणि वर दाबही वाढवतो. दोन्ही एकदम करू नका. वेग एखाद्या टप्प्याने चढवा, दाब मात्र मशीनच्या वजनाइतकाच.

निळीसावली

३६ पट! हे डोक्यातच आलं नव्हतं. मी हँडलपाशी चांगला खांदा लावून रेटत होतो.

गंजका_खिळा

लेकरांनो, खांदा लावण्यावरून आठवलं म्हणून सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी रोटरी मशीन (पॅड सक्तीने गोल फिरवणारं) नवीन हातात आलं होतं. चाकाच्या कमानीची कड, म्हणजे पत्रा आत वळतो ती धार, तिथे एक पांढुरका पट्टा होता. म्हटलं जाईल दोन फेऱ्यांत. पहिल्या फेरीत गेला. मी खूश. अजून थोडं चमकावू म्हणून दुसरी फेरी मारली आणि पॅडवर लाल रंग उतरला. गाडी लाल होती, वर क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, होता. क्लिअर कोट असलेल्या गाडीचा रंग पॅडवर आला याचा अर्थ एकच, वरचा थर संपला. तीन बोटं लांबीच्या धारेसाठी सगळं फेंडर पुन्हा रंगवावं लागलं. मालक नात्यातलेच होते, म्हणून वाचलो. अजूनही लग्नाकार्यात भेटले की "काय, कमान कशी आहे?" विचारतात.

धारेवर थर मुळातच पातळ असतो. ओला रंग पृष्ठताणामुळे धारेपासून मागे सरतो आणि वाळल्यावर तिथे सगळ्यात कमी उरतो. त्यात पॅडचा सगळा दाब त्या एका रेषेवर. तेव्हा धारेवरून पॅड कधी आडवा नेऊ नका. धारेच्या अलीकडे थांबा.

माझ्या स्वतःच्या जुन्या गाडीला क्लिअर कोट नाहीच, एकेरी रंग आहे. तिचा रंग पॅडवर येतो आणि तो यायचाच. तिथे घाबरू नये. पण आपली कुठली आहे ते आधी ओळखा. डिकीच्या आत किंवा दाराच्या खालच्या काठाला पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन हलकेच चोळलं की कळतं.

रात्रपाळी

काका, "धारेच्या अलीकडे थांबा" म्हणजे नक्की किती? आणि तेवढा पट्टा मग न घासलेलाच राहणार ना?

गंजका_खिळा

टेप लावा. पॅनलच्या काठाला मास्किंग टेप, काठापासून आत २-३ मिमी येईल असा. मशीन टेपवर चढलं तरी रंग सुरक्षित. टेप काढल्यावर एक बारीक रेघ दिसते, घासलेल्या आणि न घासलेल्या भागाची सीमा. ती हाताने, बारीक पॉलिश घेऊन चार-सहा वेळा ओढली की मिसळून जाते.

टेप उन्हात किंवा रात्रभर ठेवू नका, डिंक उतरतो. आणि गाडीचा एखादा भाग पुन्हा रंगवलेला असेल तर टेप फर्रकन ओढू नका. पत्र्याला चिकटून, मागच्या बाजूला दुमडत, सावकाश काढा. वाईट रंगकाम टेपबरोबर सोलून आलेलं मी पाहिलंय.

उजवी_खिडकी

इथे सगळे मशीनवाले जमलेत, तर हाताची बाजू मी लावते. मी माझी छोटी गाडी पूर्ण हाताने करते आणि कोपऱ्यांच्या बाबतीत हाताला तोड नाही, फक्त हात म्हणजे बोट नव्हे.

बोटाला फडका गुंडाळून घासलं तर दाब बोटाच्या टोकावर आणि सांध्यावर येतो, मधे काही नाही. त्याने रेघा उठतात. मध्ये फोम हवा. मेकअपचे तिकोनी स्पंज मिळतात ना, ते यासाठी जणू बनवलेत. एक बाजू सपाट, एक टोक निमुळतं, हँडलच्या वाटीत बरोबर बसतात. त्यावर थेट पॉलिश घ्यायचं किंवा पातळ मायक्रोफायबर ताणून धरायचा. स्वस्त आहेत, मळला की टाकून दुसरा घ्या.

पॉलिश निवडताना एक बघा. काही पॉलिशमधले कण घासताना फुटत फुटत बारीक होत जातात. मशीन मिनिटाला हजारो हालचाली करतं, तिथे ते पूर्ण फुटतात. हाताने ते कधीच पूर्ण फुटत नाहीत आणि वर धुरकट पडदा राहतो. लोकांना वाटतं की हाताने जमत नाही. खरं म्हणजे चुकीची बाटली हातात असते. हातासाठी न फुटणाऱ्या, सुरुवातीपासूनच बारीक कणांचं पॉलिश घ्या. बाटलीवर "हाताने वा मशीनने" असं लिहिलेलं असतं ते साधारण या जातीचं.

घासायचं सरळ रेषेत, पुढे-मागे. गोल गोल नाही. हाताने ज्या बारीक रेघा राहतील त्या सरळ असल्या तर एकाच कोनातून दिसतात. गोल असल्या तर सगळीकडून.

चिमटा

उजवी_खिडकी, फोमचं पटलं. पण हाताने नखांचे खोल ओरखडे जातात यावर माझा विश्वास नाही. मी करून पाहिलंय, तासभर घासून फक्त ओरखड्यांच्या कडा मऊ झाल्या.

उजवी_खिडकी

कडा मऊ झाल्या म्हणजे उजेड कमी पकडतात, म्हणजे दोन पावलांवरून दिसत नाहीत. तुम्ही भिंग घेऊन उभे राहता का दारापाशी?

चिमटा

राहतो 🙂

कोरडा_फडका

दोघंही बरोबर आहात. नख फिरवून बघा. ओरखड्यात नख अडकलं तर तो पॉलिशने पूर्ण घालवायचा विचार सोडा, मग हात असो वा मशीन. कारखान्यातला क्लिअर कोट सर्वसाधारणपणे ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ. नख अडकणारा ओरखडा नाहीसा करायचा म्हणजे आजूबाजूचा सगळा थर त्याच्या तळापर्यंत खाली आणायचा. वाटीत तेवढं उतरवलं तर उरणार काय?

नख न अडकणारे, नुसते पांढुरके दिसणारे ओरखडे मात्र बहुतेक जातात.

रात्रपाळी

जाडी मोजायचं यंत्र असतं ना? ते कोपऱ्यांत लावून बघितलं तर नेमकं किती उरलंय ते कळेल?

चिमटा

नाही, आणि हे नीट समजून घ्या, कारण आकडा बघून माणसाला खोटा धीर येतो.

एक, ते यंत्र पत्र्यापासून वरपर्यंतची सगळी जाडी सांगतं. प्रायमर, रंग, क्लिअर कोट, सगळं मिळून. त्यात क्लिअर कोट किती ते सांगत नाही. दोन, टोक सपाट टेकलं नाही तर आकडा भलता येतो. वाटीच्या गोलाईवर आणि धारेवर ते सपाट टेकतच नाही. तीन, बंपर प्लॅस्टिकचा असतो आणि साधी यंत्रं चुंबकावर किंवा धातूतल्या विद्युतप्रवाहावर चालतात, त्यामुळे तिथे ती मुकी. प्लॅस्टिकवर मोजायला ध्वनिलहरींचं यंत्र लागतं, ते घरगुती कामासाठी कुणी घेत नाही.

सपाट दारावर १२० दाखवतंय म्हणून वाटीतही १२० असेल असं धरून चालू नका.

कोरडा_फडका

दाराच्या आतल्या चौकटीबद्दलही हेच. दार उघडल्यावर दिसणारा भाग बाहेरून तसाच रंग वाटतो, पण तिथला थर बहुतेकदा बाहेरच्यापेक्षा पातळ असतो. तिथे स्वच्छता आणि हलकं बारीक पॉलिश, बस. कंपाउंड नको.

निळीसावली

खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. या शनिवारी ३ इंची छोटं डीए आणि मेकअपचे स्पंज घेऊन बसलो. (स्पंज घरातूनच उचलले. त्याचा हिशेब वेगळा द्यावा लागला.)

हँडलची वाटी: चारपैकी तीन दारांच्या वाट्या स्पंजने हाताने केल्या, प्रत्येकीला वीसेक मिनिटं लागली. ऐंशी टक्के साफ. ड्रायव्हरच्या दाराला दोन खोल ओरखडे आहेत, नख अडकतं, सोडून दिले.

आरशाचा बुंधा: इथे अडलोय. मशीनचा पॅड बसतो पण मशीनचं डोकं आरशाच्या पोटाला आपटतं.

उजवी_खिडकी

आरसा मिटवा ना! मिटवल्यावर बुंध्याची पुढची बाजू उघडी पडते, उघडल्यावर मागची. काही गाड्यांचे आरसे पुढच्या बाजूलाही वळतात. खिडकीची काच पूर्ण खाली करा म्हणजे बुंध्यापाशीच्या रबरापर्यंत हात जातो.

तसंच बॉनेटचा मागचा काठ, वायपरजवळचा, बॉनेट उघडून करा. बंद बॉनेटवर तिथे पोहोचायला माणूस वायपरवर ओणवा होतो. उघडल्यावर इंजिनावर जुनी चादर टाका, आणि एका हाताने बॉनेटला खालून आधार द्या, नाहीतर ते डुगडुगतं. पेट्रोलच्या झाकणालाही तेच, मागून बोटांनी धरून घासायचं.

कोरडा_फडका

मशीनचं डोकं आपटतं त्यावर: डोक्याच्या भोवती एक फेरा जाड टेपचा मारा. आणि पॅड मागच्या प्लेटपेक्षा मोठा आहे ना ते बघा. छोट्या पॅडमध्ये हे फार होतं; पॅड प्लेटएवढाच असतो, जरा तिरका झाला की प्लेटची कड रंगाला लागते. अर्धचंद्राच्या आकाराचे खोल व्रण दिसले तर समजा ते प्लेटचे.

पॉलिश किती घेता? छोट्या पॅडला टाचणीच्या डोक्याएवढे तीन ठिपके भरपूर. जास्त घेतलं की तो वंगणावर तरंगतो, कापत नाही आणि उरलेलं सगळं फटीत जाऊन वाळतं. हे पॅड फार लवकर भरतात. दर दोन-तीन जागांनंतर ब्रशने झाडा किंवा बदला. मी ५ इंची पॅड दोन वापरतो तिथे १ इंची सहा-आठ काढून ठेवतो.

तिसरा_गिअर

बंपरबद्दल कुणी बोललंच नाही. मला त्याचा अनुभव आहे, वाईट.

मी एकदा फॉगलॅम्पजवळचा ओरखडा छोट्या मशीनने घासत होतो. पत्र्यावर जितका वेळ देतो तितकाच दिला. थोड्या वेळाने पृष्ठभाग जरा मऊ, चिकट लागायला लागला आणि पॅडच्या खुणा त्यात उमटल्या. नशीब, गार झाल्यावर बऱ्याचशा निघाल्या.

चिमटा

पत्रा उष्णता पसरवतो, प्लॅस्टिक पसरवत नाही. घासलेल्या जागेची उष्णता तिथेच साचते. बंपरवर दोन फेऱ्या, मग थांबून हाताचा मागचा भाग टेकवून बघायचं. कोमट ठीक. हात ठेववत नसेल तर तुम्ही आधीच पुढे गेलेले आहात.

रात्रपाळी

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे). दोनदा पडला.

रात्रपाळी

डिकीवरच्या अक्षरांचं काय करायचं ते राहिलंच. काढूनच टाकली तर? मला तसंही नुसती डिकी आवडते.

गंजका_खिळा

काढता येतात, पण काढण्याआधी दोन गोष्टी बघ बाबा. काही अक्षरं नुसती चिकटवलेली असतात, काहींना मागे खुंट्या असतात आणि पत्र्यात त्यासाठी भोकं असतात. खुंट्यांचं निघालं की भोकं उघडी. दुसरं, इतकी वर्षं ऊन खाल्लेल्या रंगावर अक्षराखालचा भाग वेगळा, जरा ताजा दिसतो. पॉलिशने फरक कमी होतो पण प्रत्येक वेळी पूर्ण जातोच असं नाही. अक्षरं काढली तरी नाव वाचता येतं, अशी गत होते.

काढायचंच ठरलं तर केस वाळवायच्या ड्रायरने कोमट करायचं, दात साफ करायचा धागा मागून करवतीसारखा ओढायचा. स्क्रूड्रायव्हर अजिबात नको. उरलेला डिंक अंगठ्याने चोळत गोळा करायचा आणि शेवटचा अंश डिंक काढायच्या द्रवाने.

न काढता करायचं असेल तर अक्षरांच्या मधे इअरबड. पण त्याची काडी प्लॅस्टिकची असते आणि बोळा भिजून खाली सरकला की काडी रंगावर घासते. बोळा मळायच्या आधीच बदलायचा. मी अक्षरांच्या आत फार जीव आटवत नाही. तिथे ओरखडे कुणाला दिसतात? तिथे दिसतो तो वाळलेला पांढरा पॉलिशचा गाळ. तो काढला की निम्मं काम झालं.

उजवी_खिडकी

त्या पांढऱ्या गाळाला अनुमोदन. माझी पहिली गाडी एका ठिकाणी "पूर्ण पॉलिश" करायला दिली होती. परत आली तेव्हा खडबडीत काळ्या प्लॅस्टिकवर सगळीकडे पांढरे डाग, अक्षरांमागे पांढऱ्या रेघा आणि फटींमध्ये पावडर. सहा महिने प्रत्येक पावसानंतर कुठून ना कुठून पांढरा ओघळ यायचा. तेव्हापासून स्वतः करते.

खडबडीत काळं प्लॅस्टिक आणि रबर आधी टेपने झाका, हाच खरा उपाय. डाग पडलाच तर ओला असतानाच पुसा. वाळलेल्यावर पेन्सिलीचा पांढरा खोडरबर बऱ्यापैकी चालतो, मग ब्रश आणि साबणपाणी. फटीतला गाळ आधी कोरड्या मऊ ब्रशने झाडायचा, नंतर ओला करायचा. आधी पाणी मारलं की त्याचा लगदा होऊन तो आणखी आत जातो.

रात्रपाळी

आणि दारांच्या मधला तो काळा चकचकीत खांब? माझ्या गाडीचा तर फडका लावला की चरतो.

कोरडा_फडका

तो नक्की कशाचा आहे ते बघून घ्या. तीन प्रकार भेटतात: रंगवून वर क्लिअर कोट मारलेला, नुसतं ओतलेलं चकचकीत प्लॅस्टिक, किंवा वर चिकटवलेली फिल्म. पहिला रंगासारखाच घासा. दुसरा फार मऊ असतो. सगळ्यात मऊ फोम, सगळ्यात बारीक पॉलिश, दाब नाहीच. फिल्म असेल तर काठाला नखाने जाणवते, तिला मशीन लावू नका. पॅडने काठ उचलला की तो परत बसत नाही. संरक्षक पारदर्शक फिल्म लावलेली असेल तिथेही तेच.

अवांतर: मॅट रंगाची गाडी असेल तर या धाग्यातलं काहीही करू नका. मॅट घासला की तिथे चमकदार ठिपका उठतो आणि तो परत मॅट होत नाही.

तिसरा_गिअर

मी आता एक पाप कबूल करतो. मी कोपऱ्यांत घासतच नाही. ओरखडे बुजवणारं ग्लेझ मिळतं ते स्पंजने फासतो, वर वॅक्स. दिसायला झकास.

चिमटा

चार धुण्यांत परत उघडे पडतात.

तिसरा_गिअर

मग परत फासतो. दहा मिनिटांचं काम आहे. तुमची दहा मिनिटांत एक वाटीसुद्धा घासून होत नाही.

कोरडा_फडका

हसू नका, मी सुद्धा धंद्यात हे करतो, गिऱ्हाइकाला सांगून. धार, वाटीतली गोलाई, पुन्हा रंगवलेला शंकास्पद भाग. तिथे थर किती आहे माहीत नसताना कापत बसण्यापेक्षा बुजवलेलं बरं. फक्त स्वतःला फसवू नका. आपण घासून काढले की तेलाने बुजले हे बघायचं असेल तर पाण्यात पातळ केलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल मारून पुसा आणि टॉर्च तिरका धरून बघा. पॉलिशमधलं तेलही ओरखडे झाकतं. कोपऱ्यांत हे जास्त होतं, कारण तिथलं उरलेलं तेल पुसलंच जात नाही.

टॉर्च डोक्याला बांधायचा घ्या. हँडलच्या वाटीत खोलीतल्या दिव्याचा उजेड पोहोचत नाही, आणि एक हात टॉर्चमध्ये अडकला की छोटं मशीन एका हाताने धरावं लागतं. ते धरू नका.

निळीसावली

शेवटचा अहवाल, मंडळी.

आरसे मिटवून बुंधे केले. उजवी_खिडकी, किती सोपं होतं! मी आरसा सोडवायचे व्हिडिओ बघत बसलो होतो. रेलच्या कडेचा पट्टा ३ इंचीने, रेलला टेप लावून, स्टुलावर उभं राहून. वायर खांद्यावरून मागे टाकली म्हणजे छपरावर घासत नाही. बंपर दोन-दोन फेऱ्यांत, मधे थांबत थांबत. स्पॉयलरची खालची बाजू हाताने. ती करताना कळलं की ती कुणालाच दिसत नाही, पण तोवर निम्मी झाली होती.

अक्षरांमधला गाळ ब्रशने काढला, ओरखडे तसेच ठेवले.

आणि हो, एक धार घालवलीच. डिकीच्या झाकणाची खालची कड, नंबरप्लेटच्या वर. टेप लावला होता, पण एका टोकाला तो उचलला गेला होता आणि मी बघितलं नाही. पॅडवर निळा ठिपका आला. तिथेच मशीन बंद केलं. तांदळाच्या दाण्याएवढी जागा आहे, पण आता माझी नजर दर वेळी तिथेच जाते. नंबरप्लेटच्या खोबणीला त्यानंतर हात लावला नाही.

गंजका_खिळा

तांदळाएवढं आहे ना? आमच्यात या. एकदा जळल्याशिवाय हाताला धार कळत नाही.

आत्ता लगेच त्यावर वॅक्स लावू नकोस. अल्कोहोलने पुसून, बारीक ब्रशने क्लिअरचा एक पातळ थर ठेव. दिसायचं थांबणार नाही, पण उघड्या रंगावर ऊन-पाणी लागणार नाही.

निळीसावली

करतो काका. आणि हँडलच्या वाट्यांना परत ओरखडे पडू नयेत म्हणून काही?

कोरडा_फडका

वाटीच्या आकाराची पारदर्शक फिल्म मिळते. पॉलिश झाल्यावर, अल्कोहोलने पुसून, साबणपाण्यावर सरकवत बसवा. पोटातून सुरुवात करून पाणी कडेला ढकलायचं. वाटी खोल असेल तर कडेला सुरकुती पडते, तिथे ड्रायरने जरा गरम करून बोटाने दाबा.

तिसरा_गिअर

किंवा घरात सगळ्यांची नखं कापा.

निळीसावली

ज्यांचे स्पंज उचलले त्यांनाच हे सांगायचंय. तुम्ही या सांगायला.